आजारपणाचा हेवा

योकोहामाला आल्यावर पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर संपता संपता, ऑफिसमधून घरी येताना ट्रेनमध्ये माझ्यासमोर एक पेशंट येऊन उभी राहिली. कॉलेजातली मुलगी असावी. डोक्याला बँडेज, एका डोळ्यावर पट्टी, एक हात गळ्यात अडकवलेला आणि दुसऱ्या हातात चाकं असलेला सलाइनचा स्टँड. बाटलीत लाल सरबत होतं. मला हॅलोविन वगैरे काही ठाऊक नव्हतं. मी चटकन उठले आणि तिला जागा दिली.

ती आधी गोंधळली, मग तिच्या मैत्रिणी हसायला लागल्या. ती वाकून वाकून माझे आभार मानत होती आणि 'हे खोटं आहे' असं हाताने दाखवत होती. पण मैत्रिणींनी तिला ढकलून बसवलंच. एकीने तिच्या मांडीवर पर्स ठेवली, दुसरीने बँडेज नीट केलं, तिसरीने सलाइनचा स्टँड धरला. शेजारच्या आजोबांनीसुद्धा तिच्याकडे बघून मान हलवली. मी दांडीला धरून उभी होते, आणि मला त्या मुलीचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, चांगला घशाशी येईल इतका.

हे कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील, म्हणून कधी सांगितलं नाही. त्या हेव्याचं कारण माझा धाकटा भाऊ.

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याला बाळदमा होता. पुण्यात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून एक दिवाण होता. एरवी त्यावर पाहुणे बसायचे, वर्तमानपत्रं पडायची. पण भावाची छाती वाजायला लागली की आई त्यावर धुतलेली चादर घालायची, दोन उशा लावायची, आणि तो दिवाण त्याचा व्हायचा. आई शाळेत शिक्षिका होती. ती फोन करून रजा टाकायची. मी दप्तर अडकवून चपला घालत असायचे, आणि स्वयंपाकघरातून तव्यावर गरम होणाऱ्या ओव्याचा वास यायचा. त्या ओव्याची फडक्यात पुरचुंडी बांधून आई त्याची छाती शेकायची.

"जाऊ का मी?" मी दारातून विचारायचे.

"जा गं, उशीर होईल," आई म्हणायची. मागे वळून न बघता.

मी शाळेतून यायचे तेव्हा दिवाणाजवळच्या स्टुलावर मोसंबीच्या साली असायच्या. मोसंबी आमच्याकडे आजाऱ्यालाच मिळायची. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार. रेडिओ स्वयंपाकघरातून उचलून त्याच्या उशाशी ठेवलेला असायचा. आणि आई त्याच्या पायाशी बसलेली. शाळेच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर, पण हातातलं पेन थांबलेलं. दोघांमध्ये काहीतरी चाललेलं असायचं आणि मी आत शिरले की ते थांबायचं, असं मला वाटायचं. एकदा मी विचारलं, "काय करत होतात?" तर भाऊ छताकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे समुद्र आहे." छताला ओल आली होती, त्याचे डाग होते. त्याने त्या डागांमध्ये समुद्र, बेट, जहाज असं सगळं शोधून ठेवलं होतं. मी बघितलं तर मला ओलच दिसली.

मी कधी आजारी पडायचे नाही. सर्दी व्हायची आणि जायची. मी त्याचा उष्टा चमचा चाटून बघितला होता, त्याच्या उशीवर तोंड घालून झोपून बघितलं होतं. दमा असा लागत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत मला पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळालं, स्टेजवर बोलावून कंपासपेटी दिली. आई येणार होती. ती आली नाही, कारण त्या दुपारी त्याची छाती वाजायला लागली. बाबा आले, पण ऑफिसमधून यायला त्यांना उशीर झाला आणि माझं नाव होऊन गेलं होतं.

"हिला काय होतंय!" आई सगळ्यांना सांगायची. त्यात अभिमान असायचा. मला मात्र वाटायचं, ती एवढं म्हणून माझ्या काळजीतून मोकळी होतेय.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी आठ वर्षांची, इथल्याच सरकारी शाळेत जाते. ती मराठी समजते, उत्तरं मात्र बहुतेक वेळा जपानीत देते. भाऊ पुण्यात असतो, आईबरोबर. लग्न केलं नाही. मोठा झाल्यावर दमा पुष्कळ कमी झाला, पण खिशात पंप असतोच. बाबा गेल्यापासून ते दोघंच घरात. म्हणजे शेवटी दिवाण त्यालाच मिळाला, असं मी एकदा नवऱ्याला म्हणाले होते. तो हसला. मी हसले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आला. दिवाळी नुकतीच झाली होती. आईने चकल्या, आल्याच्या वड्या, मेतकूट असं सगळं त्याच्या बॅगेत भरून दिलं होतं. नवरा कामासाठी ओसाकाला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मुलीने मामाला आल्या दिवसापासून ताब्यात घेतलं. कचरा कुठला कुठल्या दिवशी टाकायचा, बाटलीचं झाकण वेगळं का करायचं, हे ती त्याला शिकवायची, आणि तो मुद्दाम चुकायचा.

आमच्या सोसायटीत मुलांचं मंडळ आहे. हॅलोविनला ज्यांच्या दारावर कागदी भोपळा लावलेला असेल, त्यांच्या घरी मुलं सोंग घेऊन जातात आणि खाऊ मागतात. मुलीला त्या वर्षी ओनिगिरी व्हायचं होतं. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, समुद्री शेवाळाची काळी पट्टी गुंडाळलेला, इथे प्रत्येक कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, मिळतो. बाकीच्या मुली परी नाहीतर चेटकीण होणार होत्या, आणि हिला भात व्हायचं होतं. मला ते फार आवडलं. मला शिवणकाम येत नाही. तरी मी पांढऱ्या जाड कापडाचे दोन मोठे त्रिकोण कापले, त्यात उशीतला कापूस भरला, खाली काळी पट्टी लावली, खांद्याला बंद लावले. बोटाला सुया टोचून घेतल्या. हे माझं होतं. हॅलोविनला तिच्याकडे बघून सगळे विचारतील, हे कुणी शिवलं, आणि ती म्हणेल, आईने, एवढं मी मनात रंगवून ठेवलं होतं.

हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी तिला ताप आला.

सकाळी दवाखान्यात नेलं. नाकात काडी घालून तपासलं, इन्फ्लुएंझा निघाला. शाळा बंद, बाहेर जाणं बंद, कुणाला भेटणं बंद. परत येताना ती रडली नाही. इथली मुलं अशा वेळी रडत नाहीत आणि तेच बघवत नाही. घरी आल्यावर तिने दारावरचा कागदी भोपळा स्वतः काढला आणि माझ्या हातात दिला.

मी रजा टाकली होती. पण दुपारी एका ग्राहकाच्या ऑफिसात नवीन सिस्टीम समजावून सांगायची होती, आणि ती जपानीत समजावून सांगू शकेल अशी आमच्या गटात मी एकटीच होते. साहेबांचा फोन आला. ते तीन वेळा माफ करा म्हणाले, आणि नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

"तू जा," भाऊ म्हणाला. "मी आहे ना."

"तुला लागण होईल. तुझी छाती."

"मास्क लावतो. जा ताई. मला या विषयातलं कळतं."

तो सहज बोलला. मला ते लागलं. मी त्याला औषधाच्या वेळा सांगितल्या, कपाळावर चिकटवायच्या थंड पट्ट्या दाखवल्या, फ्रीजमधली जेली दाखवली, आणि निघाले. ट्रेनमध्ये मी स्वतःला सांगत होते की पोरीला बरं वाटत नाहीये, ती आता माझी वाट बघत असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून बरंच वाटत होतं. माझी वाट बघणारं एक आजारी माणूस घरात होतं.

संध्याकाळी परतले. दार हळूच उघडलं. हात धूत होते तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, तापातला, बारीक. "मामा... मामा..."

घरी ती मला आई म्हणते. पण इथली मुलं आईला मामा म्हणतात, आणि तिच्या मैत्रिणींशी बोलताना मी तिची मामाच असते. झोपेत, तापात तिच्या तोंडून जपानीच निघते, हे मला माहीत होतं. मी ओल्या हातांनी धावत गेले, खाली बसले, तिचा हात धरला. "आले गं बाळा, आले."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"चिगाउ," ती म्हणाली. म्हणजे, तू नाही. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून: "मामा. पुण्याचा."

भाऊ चहाचा कप घेऊन दारात उभा होता. तो आत आला आणि तिच्या गादीशेजारी जमिनीवर सरळ पाठीवर आडवा झाला, जणू मगाशीही तो तिथेच होता. "कुठपर्यंत आलो होतो आपण?" त्याने विचारलं.

"पूल," ती म्हणाली.

दोघंही छताकडे बघत होते. आमचं छत पांढरं आहे, कागद लावलेलं, त्यावर बारीक खडबडीत नक्षी. त्यात त्यांनी एक गाव वसवलं होतं. नदी कुठून येते, शाळा कुठे आहे, मुलं कुठल्या रस्त्याने जातात. तो मराठीत विचारायचा, ती जपानीत सांगायची, आणि त्याला जपानी येत नसूनही काही अडत नव्हतं. "आता बरं वाटतंय का?" मी मध्येच विचारलं. दोघं गप्प झाले.

त्याने नुसती मान वळवली. "ते विचारू नको गं," तो हळूच म्हणाला. "ते विचारलं की ताप आठवतो."

त्याने हात लांब करून तिची उशी उलटी केली. थंड बाजू वर. तिने गाल टेकला आणि डोळे मिटले. तेव्हा मला तिची आई होऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या प्रत्येक तापात मी तिला थर्मामीटर लावलं, पट्ट्या बदलल्या, औषध दिलं, वेळ लिहून ठेवली. उशीला थंड बाजू असते हे मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी कधी तितका वेळ पडून राहिलेच नव्हते.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली. घासलेलीच होती.

अंधार पडला तशी खाली मुलं जमायला लागली. आमचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरीखाली सायकली लावायची जागा. चेटकिणी, मांजरं, एक अंतराळवीर. मुलगी उठून काचेपाशी आली, गोधडी गुंडाळून, मास्क लावून. ती नुसती बघत होती. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ हं." ती म्हणाली, "हं."

भाऊ माझ्याजवळ आला. "ताई, दोरी आहे का घरात?"

"कशाला?"

"दे ना."

रद्दी बांधून ठेवायची पांढरी दोरी होती. त्याने न्हाणीघरातली छोटी टोपली घेतली, तिला दोरी बांधली, आणि खाऊचं पाकीट तिच्यात ओतलं. मग तो मुलीकडे वळला आणि खाणाखुणा करून काहीतरी विचारलं. ती खुदकन हसली. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा. दाराला टांगलेला ओनिगिरीचा पोशाख तिने काढला आणि त्याच्या अंगावर चढवायला लागली.

"अरे, ते तिचं आहे!" मी म्हणाले. माझा आवाज वाजवीपेक्षा जरा चढलाच.

"तिनेच दिलंय," तो म्हणाला. बंद त्याच्या खांद्यांना पुरेनात, तर माझी ओढणी घेऊन त्याने तो त्रिकोण छातीला बांधला. अडतीस वर्षांचा, टक्कल पडत चाललेला माणूस, भाताचा गोळा होऊन गॅलरीत गेला.

काचेचं दार त्याने बोटभर उघडं ठेवलं होतं. आतून ती एकेक जपानी शब्द सांगायची, आणि तो तोच शब्द आपल्या पुणेरी आवाजात खाली ओरडायचा. त्याचे उच्चार ऐकून मुलं आधी चकित झाली, मग वेडी झाली. टोपली खाली गेली. मुलांनी रांग लावली. इथे मुलं सांगावं न लागता रांग लावतात. प्रत्येक जण खाऊ उचलायचा आणि वर बघून हात हलवायचा, त्याला आणि त्याच्यामागे काचेला नाक लावून उभ्या असलेल्या तिला. मग एका मांजराने आपल्या पिशवीतलं काहीतरी टोपलीत टाकलं. दुसऱ्यांनीही टाकलं. टोपली वर आली ती भरून आली. खाली उभ्या असलेल्या आया वाकून त्याला नमस्कार करत होत्या, फोटो काढत होत्या. एक जणी मला उद्देशून म्हणाली, किती छान भाऊ आहे हो तुमचा! मी वाकून आभार मानले. हे शिवलं कुणी, असं कुणीही विचारलं नाही.

आणि मला ती टोपली बघवेना, ते आणखी एका कारणाने.

लहानपणी मी एकदा आजारी पडले होते. एकदाच. मला कांजिण्या आल्या. पोटावर पहिले फोड दिसले तेव्हा मी आनंदाने ओरडत आईकडे गेले होते. मला आठवतंय, मी फ्रॉक वर करून तिला पोट दाखवलं, जसं एखादं बक्षीस दाखवावं. आईने बघितलं, आणि लगेच मान वळवून दिवाणावर चित्र काढत बसलेल्या भावाकडे बघितलं. मी त्या दिवाणाकडेच निघाले होते. तिने मला दंडाला धरून थांबवलं.

डॉक्टर म्हणाले, त्याला दूर ठेवा, त्याच्या छातीला झेपणार नाही. दुपारी आई बॅग भरून भावाला घेऊन मावशीकडे गेली. मावशी पुण्यातच राहायची, पण तेव्हा ते मला दुसरं गाव वाटलं. माझ्याजवळ बाबा राहिले. त्यांनी बिचाऱ्यांनी खूप केलं. कडुलिंबाचा पाला आणून चादरीखाली पसरला, करपलेली खिचडी खाऊ घातली, वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट मोठ्याने वाचून दाखवलं. पण मला बाबा नको होते.

आई रोज संध्याकाळी यायची, पण वर यायची नाही. तिच्या कपड्यांतून ते त्याच्यापर्यंत जाईल म्हणून. ती खाली रस्त्यावर उभी राहून हाक मारायची. बाबा गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायचे, भाजीवाल्याला सोडतो तशी, आणि आई तिच्यात मोसंबी ठेवायची. मला शेवटी मोसंबी मिळाली ती अशी, दोरीने. मी कठड्यातून वाकून बघायचे. आईचा भांग दिसायचा, वर वळलेला चेहरा दिसायचा. "बरं वाटतंय का?" ती ओरडून विचारायची. कोपऱ्यावर मावशीचा हात धरून भाऊ उभा असायचा आणि उड्या मारायचा. मग आई त्याच्याकडे जायची, आणि ती दोघं चालत जाताना मला दिसायची.

मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं जेवायला बसलो. तो अजून खुशीत होता. "मजा आली ना?" तो म्हणाला. "मला ना लहानपणीच ती दोरी धरायची होती. तुला कांजिण्या आल्या होत्या बघ. तू वर, आम्ही खाली. मी आईला म्हणायचो, मला वर जाऊन पिशवी ओढू दे. तिने कधी जाऊ दिलं नाही."

"तुला ती मजा वाटायची?" मी विचारलं.

"म्हणजे काय! का, तुला नव्हती वाटत?"

मी त्याच्या ताटात भात वाढला. तो खोकला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा ताप उतरायला लागला आणि त्याला चढला. त्याचं परतीचं विमान पुढे ढकललं. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर तिने नातीची चौकशी एका वाक्यात उरकली आणि म्हणाली, "त्याला फोन दे. पंप आहे ना जवळ? पाठीला शेक दे त्याला. ओवा आहे का तुझ्याकडे? मऊ भात दे, मेतकूट पाठवलंय तेच घाल. आणि त्याच्याजवळ बस गं, एकटं ठेवू नकोस." मी हो हो म्हणत होते आणि रागाने माझे कान गरम झाले होते. ओवा होता. मी तो तव्यावर टाकला, फडक्यात बांधला. घरभर वास पसरला. तोच वास. आणि या खेपेलाही पुरचुंडी त्याच्याच छातीवर.

मी त्याच्याजवळ बसले, लॅपटॉप मांडीवर घेऊन. ऑफिसचं काम करायचं होतं. भाऊ डोळे मिटून पडला होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझी बोटं थांबली आहेत आणि मी ऐकतेय. श्वास आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना शीळ, मध्ये जरा थांबणं. ते थांबणं लांबलं की माझाही श्वास थांबायचा. शीळ पुन्हा सुरू झाली की मी श्वास घ्यायचे. टाइप केलेलं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. मुलगी दाराबाहेर येऊन म्हणाली, "आई, भूक लागली," आणि मी मान न वळवता म्हणाले, "थांब जरा."

मग मला कळलं की मी काय केलं. मी उठले, बाहेर गेले, तिला जवळ घेतलं. ती जरा अंग चोरून उभी राहिली. तिला कुशीत घट्ट धरून मी आईचा विचार करत होते. त्या दिवाणाशी बसून आई गोष्टी सांगत नव्हती, लाड करत नव्हती. ती कान लावून बसलेली असायची. तिला भीती वाटत होती, आणि भीतीला दुसरं कुणी दिसत नाही.

हे कळलं म्हणून हेवा गेला, असं मात्र झालं नाही. आत जाऊन त्याची उशी उलटी केली तेव्हा तो डोळे न उघडता म्हणाला, "अगदी आईसारखी करतेस." मुलगी दारातून ऐकत होती. तिने लगेच जपानीत विचारलं, मामा आणखी किती दिवस आजारी राहणार आहे? तिच्या आवाजात मला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. त्या संध्याकाळी मी भावाला जेवण तिच्या हातून पाठवलं नाही. तिला घेऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि आम्ही दोघींनी साधे ओनिगिरी केले, हाताला मीठ लावून. तिचे नीट त्रिकोण झाले, माझे लाडू झाले. ती पोट धरून हसली.

तो बरा झाला, आणि गेला. विमानतळावर मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून उभी होती, सोडेचना. मी बॅगा सांभाळत होते.

तो पुण्याला पोचल्यावर आईचा फोन आला. स्क्रीनवर तिचा चेहरा खूप जवळ. "किती उतरलाय गं तो! नीट जेवायला घालत नव्हतीस का?"

"घालत होते. आजारी होता तो, आई."

"ते माहितीये. आणि तुला नाही ना काही झालं? घरात दोन-दोन आजारी."

"नाही."

"तुला काय होतंय!" आई म्हणाली. तोच अभिमान.

मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "झालं असतं तर आली असतीस?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

मी सांगितलं.

"तोवर तू बरी झाली असतीस की." तिने चष्मा पुन्हा चढवला. "मी तू बरी असतानाच येते. आजारी माणसाशी काय बोलणार? नुसतं बसून राहायचं. आपण दोघी फिरू, तुझं ऑफिस बघू. तुझ्याशी बसून बोलायचं राहिलंय किती तरी."

मी काही बोलणार होते. तेवढ्यात तिच्यामागे, आतल्या खोलीत, भाऊ खोकला. आईची मान लगेच वळली. स्क्रीनवर तिचा कान, कानातली कुडी आणि पांढरे केस एवढंच दिसत राहिलं. मी फोन हातात धरून वाट बघत बसले.